रिमोट टीममध्ये खोळंबा का होतो आणि तो कसा टाळायचा

रिमोट टीमचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा कुणी आळशी असतं म्हणून नाही, खोळंब्यामुळे बिघडतं. एकाच्या उत्तरासाठी दुसरा थांबतो, दुसऱ्याच्या फाइलसाठी तिसरा थांबतो, आणि ज्याच्यापाशी हे सगळं अडलंय त्याला पत्ताही नसतो. ऑफिसात हा खोळंबा डोळ्यांना दिसतो. शेजारचा खुर्ची वळवून विचारतो, "अरे, ते झालं का?" नागपूरच्या मनीषनगरमधल्या फ्लॅटमधून काम करणाऱ्याला ती वळलेली खुर्ची दिसत नाही. म्हणून दिवसातून तीन-चारदा स्वतःलाच विचारायचं: आत्ता माझ्यासाठी कोण थांबलंय? मेसेज लिहिण्यापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्यापर्यंत पुढे जे सांगितलंय, ते सगळं या प्रश्नापाशीच येतं.

एक अर्धवट मेसेज, एक अख्खा दिवस

समजा, टीममधली एक सहकारी न्यूयॉर्कला आहे आणि जुलै महिना आहे. नागपुरात संध्याकाळचे ६, तिकडे सकाळचे ८.३०. तुम्ही लिहिता, "रिपोर्टमध्ये प्रॉब्लेम येतोय, जरा बघशील का?" ती तिच्या ११.३० ला, म्हणजे आपल्या रात्री ९ वाजता विचारते, "कुठला रिपोर्ट?" तोवर तुम्ही लॅपटॉप मिटून जेवायला बसलेले असता. सकाळी १० ला तुम्ही उत्तर देता तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. ती ते वाचते आपल्या संध्याकाळी ६.३० ला. चोवीस तास गेले आणि कळलं काय, तर रिपोर्टचं नाव.

नागपूर-पुणे टीममध्येही हेच होतं, फक्त दिवसाच्या जागी दोन-तीन तास जातात. उपाय एकच. पहिला मेसेज असा लिहायचा की समोरच्याला उलट प्रश्न विचारावा लागू नये. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय करून पाहिलं आणि उत्तर कधीपर्यंत हवंय, हे सगळं एकाच मेसेजमध्ये. तोच प्रश्न नीट लिहिला तर असा होतो:

"जूनच्या विक्री रिपोर्टमध्ये महाराष्ट्राची बेरीज ४,१८,२५० यायला हवी, ४,०२,२५० येतेय. फरक १६,००० चा. तेवढ्याच रकमेचं एक बिल ३० जूनला रात्री नोंदलेलं आहे. तारखेच्या फिल्टरमध्ये ३० जूनचा दिवस धरला जात नाही असं वाटतं, कारण फिल्टर १ जुलैपर्यंत वाढवला की बेरीज जुळते. फिल्टर कायमचा बदलू, की तो मुद्दाम तसा ठेवलाय? उद्या, शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार दुपारी २ पर्यंत कळवा. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर आहे तोच रिपोर्ट फरकाची टीप लिहून पाठवेन."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. उत्तर आलं नाही तर मी काय करणार, हे आधीच सांगितल्यामुळे समोरची व्यक्ती दवाखान्यात असली, प्रवासात असली, तरी काम अडत नाही. शिवाय ते चुकीचं वाटलं तर एका ओळीत थांबवायची सोय तिच्याकडे राहते.

एरर आली तर तिचा मजकूर कॉपी करून टाका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो वाचायला त्रास होतो आणि दोन महिन्यांनी शोधला तर सापडतही नाही. स्क्रीनशॉट द्यायचाच असेल तर ग्राहकांचे फोन नंबर, पॅन, पासवर्ड झाकून द्या.

आपल्याकडे "नमस्कार सर, थोडं बोलायचं होतं" एवढं लिहून उत्तराची वाट पाहायची पद्धत आहे. ती अदबीतून आलेली आहे. केबिनच्या दारावर टकटक करून थांबावं, तसं. पण चॅटमध्ये त्याने उलटंच होतं. समोरच्याला हातातलं काम सोडून "बोला" लिहावं लागतं, मग तुमचं टायपिंग संपेपर्यंत थांबावं लागतं. नमस्कार जरूर करा, सर-मॅडमही म्हणा. फक्त प्रश्न त्याच मेसेजमध्ये लिहा.

घात करणारे चार शब्द

परवा. मराठीत हा होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. नागपुरात तर अर्धी बातचीत हिंदीत चालते, तिथे 'कल' आणि 'परसों' दोन्हींची तीच गत. बोलताना क्रियापदावरून कळतं, घाईत लिहिलेल्या तुटक मेसेजमध्ये कळत नाही. "परवाची फाइल पाठव" म्हणजे कुठली? वार आणि तारीख लिहा.

दिवसअखेर. कुणाच्या दिवसाची अखेर? लंडनच्या माणसाची संध्याकाळ ५ म्हणजे थंडीत आपली रात्र १०.३०. तास लिहा आणि कुठली वेळ तेही लिहा.

हो. आपण "हो" म्हणतो ते पुष्कळदा "ऐकलं" या अर्थाने. समोरचा ते "करतो" असं धरतो, आणि गुरुवारी वाद होतो. "वाचलं, विचार करून सांगतो" आणि "करतो, बुधवारी १२ पर्यंत देतो" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, ती वेगळीच लिहावीत. नुसता अंगठा टाकायचा असेल तर त्याचा अर्थ काय, हे टीमने एकदा ठरवून घ्यावं.

चौथा शब्द म्हणजे 'झालंच आहे', 'झाल्यातच जमा' वगैरे. काम नव्वद टक्के झालं म्हणजे दुसऱ्याच्या दृष्टीने ते झालेलंच नसतं, कारण त्याला पुढे सुरुवात करता येत नाही. काय झालं आणि काय राहिलं, दोन्ही सांगा.

अडलं तर किती वेळ झुंजायचं

नव्याने लागलेल्या मुलामुलींचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल, या संकोचात दिवस सरतो. ३० मिनिटांचा नियम ठेवा. अर्धा तास मनापासून प्रयत्न करा आणि काय काय करून पाहिलं ते बाजूला लिहीत जा. अर्ध्या तासानंतरही अडलेलंच असेल तर ती यादीच मेसेज म्हणून टाका. अशा प्रश्नाला कुणी नावं ठेवत नाही, कारण त्यात मेहनत दिसते. आणि खूपदा यादी लिहिता लिहिताच चूक सापडते.

प्रश्न एकट्या माणसाला खासगीत न विचारता टीमच्या चॅनेलमध्ये विचारा. ज्याला विचारलं तो सुट्टीवर असला तर दुसरा उत्तर देतो, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पडलेल्याला उत्तर तयार मिळतं. खासगीत बोलायचं ते पगार, आजारपण, घरच्या अडचणी आणि कुणाच्या चुकीबद्दल. कुणाची चूक चारचौघांत दाखवू नये, ही रीत ऑनलाइनही तेवढीच पाळायची.

व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णय घेऊ नका. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ते गाडले जातात, आणि बॅकअप न घेता मोबाइल बदलला की उरलेलेही जातात. एक साधं सामायिक डॉक्युमेंट उघडा, त्याला निर्णयवही म्हणा. प्रत्येक निर्णयाला तारीख, काय ठरलं, का ठरलं आणि कुणी ठरवलं, एवढ्या चार ओळी. 'का' ही ओळ गाळू नका. सहा महिन्यांनी तोच वाद पुन्हा निघतो तेव्हा तीच कामी येते.

टीमचे चार जण नागपुरात एकत्र बसत असतील आणि दोघं बाहेर असतील तर जास्तच जपावं लागतं. परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाताना बरंच काही ठरून जातं, आणि नाशिकहून काम करणाऱ्याला आठवड्याने कळतं की तो करत असलेलं काम रद्द झालंय. गाडीवर ठरलं तर ठरू द्या, पण जागेवर परतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते निर्णयवहीत गेलं पाहिजे.

लाइट गेली तर

नागपुरात, विशेषतः एप्रिल ते जुलै, लाइट जाणं धरूनच चालायचं. आधी उन्हाळ्याचा भार, मग वादळी पाऊस. किती वेळ तग धरायचा त्याचा हिशोब करून ठेवा. लॅपटॉप ६० वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, एलईडी ट्यूब २०, छताचा साधा पंखा ७५. एकूण १७५ वॅट. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरता हाताशी १,१०० च्या आसपास उरतात. म्हणजे सहा तास, तेही बॅटरी नवी असताना. त्यावर १८० वॅटचा कूलर लावला की सहाचे तीन होतात. साध्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर आठ तासांच्या वर जाता येतं. खर्च करायचाच असेल तर दुसऱ्या बॅटरीआधी पंखा बदलावा, असं आमचं मत आहे.

लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला, तरी कॉल तुटतो, ही तक्रार नेहमीची. कारण बहुधा इन्व्हर्टरवरचा छोटा खटका. त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन पर्याय असतात. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊन नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. खटका यूपीएसवर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही असतात. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. यूपीएसचे ॲम्पिअर ॲडॅप्टरइतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

राउटरचे दिवे लागलेत आणि नेट मात्र नाही, असंही होतं. केबलवाल्याचा स्विच इमारतीच्या जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. त्याला बॅकअप देणार का, हे कनेक्शन घेतानाच विचारा. आणि मोबाइलचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा, म्हणजे एक लाइन तुटली तरी दुसरी राहते. हॉटस्पॉटवर व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी जातो. कॅमेरा बंद केला तर खर्च फारच उतरतो.

कॉलमध्ये आवाज तुटत असेल तर आधी दोष कुठे आहे ते शोधा. कमांड विंडोमध्ये राउटरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाका. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते आकडे दिसतात. तिथेच आकडे ५ वरून ३०० वर उड्या मारत असतील तर दोष घरातल्या वायफायचा, कंपनीला फोन करून फायदा नाही. महाल-इतवारीच्या जुन्या घरांतल्या जाड भिंतींत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचतानाच दमतं. तिथे २.४ वापरा, किंवा सरळ लॅनची केबल ओढा. केबल हाच पक्का इलाज. राउटरपर्यंतचे आकडे ठीक आणि बाहेरच्या एखाद्या वेबसाइटला केलेल्या पिंगचेच बिघडलेले असतील तर मात्र तक्रार नोंदवा, आकड्यांसकट.

बॅटरीतलं पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही खुणेपर्यंतच. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. बॅटरी गच्चीवरच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

मे महिना आणि कूलर

पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलर बंद करा असं नागपूरकराला सांगण्यात अर्थ नाही. पण कूलरची घरघर कॉलवर सगळ्यांच्या कानात जाते. कॉलच्या २० मिनिटं आधी कूलर जोरात चालवून खोली गार करून घ्या, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवून. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. कॉल सुरू झाला की पंखा सगळ्यात कमी वेगावर आणा, पाण्याचा पंप चालू राहू द्या. कूलरच्या थेट झोतात बसू नका. माइकवर वारा आदळला की होणारा फडफडाट कुठलंही सॉफ्टवेअर नीट काढत नाही. लॅपटॉपचा अंगचा माइक सोडा, वायरचा हेडसेट घ्या आणि माइक ओठांच्या दोन बोटं खाली, किंचित बाजूला ठेवा. बोलत नसताना म्यूट.

व्हिडिओ अडखळतो तेव्हा सगळे नेटला दोष देतात, मे महिन्यात तो पुष्कळदा लॅपटॉपचा असतो. बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. त्याहून गरम खोलीत, गादीवर ठेवून, खालची जाळी बंद झाली तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. स्टँडवर किंवा दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा, आणि कूलरच्या तुषारांपासून लांब.

टीमची हरकत नसेल तर उन्हाळ्यात दिवस सकाळी ७ ला सुरू करा. डोकं लावायची कामं ११ पर्यंत उरकतात. दुपारी २ ते ४ मेल, नोंदी, किरकोळ कामं. फक्त बदललेली वेळ कॅलेंडरवर टाका, नाहीतर ५ वाजता कुणीतरी तुमच्यासाठी थांबून राहील.

घड्याळाची गफलत

भारताची वेळ वर्षभर तीच राहते, बाहेरच्यांची हलते. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. लंडन उन्हाळ्यात साडेचार, थंडीत साडेपाच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा नेहमीचा हिशोब कोलमडतो. तिन्ही ठिकाणची माणसं असलेली मीटिंग त्याच दिवसांत चुकते. दरवर्षीच्या या चार रविवारांची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवा, आणि मीटिंगचं निमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा, मेसेजमध्ये नुसता "साडेसहाला भेटू" नको.

उशिराची मीटिंग दर वेळी एकाच देशाच्या वाट्याला येऊ नये. महिन्याआड आलटून पालटून ठेवा. रात्री १० ची मीटिंग आपण घेतो, तर पुढच्या महिन्यात त्यांनी पहाटे उठावं. हे मागायला संकोच वाटतो, पण शांतपणे मांडलं तर बहुतेक टीम ऐकतात.

मीटिंगबद्दल थोडक्यात: एक जण जरी दूर असला तर एका खोलीतल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून, आपापल्या हेडसेटने जोडावं. विषय आदल्या दिवशी लिहून द्यावेत. शेवटची पाच मिनिटं कोण, काय, कधीपर्यंत हे मोठ्याने वाचून लिहून घ्यायला ठेवावीत.

दिवस मिटताना आणि सुट्टीवर जाताना

लॅपटॉप मिटण्याआधीची दहा मिनिटं पुढच्या माणसाची. फाइल सामायिक ड्राइव्हवर टाका, कोड अर्धवट असला तरी वेगळ्या ब्रँचवर (मूळ कोडला धक्का न लावणाऱ्या प्रतीवर) चढवा, आणि चार ओळी लिहा:

"आज झालं: पेमेंट पानाची चाचणी, ९ पैकी ७ केस पास. राहिलं: परताव्याच्या दोन केस, चाचणी सर्व्हर बंद असल्यामुळे. कोणासाठी थांबलोय: सर्व्हर टीम, त्यांना ४.१० ला लिहिलंय. माझ्यासाठी कोण थांबलंय: डिझाइन टीम, त्यांना उद्या ११ पर्यंत उत्तर देतो."

घरच्यांनाही तुमच्या वेळा माहीत हव्यात. दारावर कागद लावा: कॉल चालू आहे, इतक्या वाजेपर्यंत. लहान मुलांसाठी लाल-हिरवा कागद पुरतो. आणि काम संपल्याची वेळही तितकीच पाळा, नाहीतर रात्री ११ ला उत्तर देणाऱ्याकडून सगळे रात्री ११ ची अपेक्षा धरतात.

नागपूरच्या सुट्ट्या बाहेरच्यांना ठाऊक नसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा जुन्या नागपुरात रस्ते बंद आणि आवाज मोठा असतो, हे पुण्याच्या मॅनेजरलाही सांगावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीलाच असे दिवस टीम कॅलेंडरवर टाका आणि दोन आठवडे आधी पुन्हा आठवण करा.

लग्नसराईत आठवडाभर जाणार असाल तर दोन दिवस आधी ज्याच्याकडे काम सोपवताय त्याला ते एकदा तुमच्यासमोर, स्क्रीन शेअर करून करायला लावा. वाचून "कळलं" म्हणणं वेगळं. कुठला पासवर्ड चालत नाही, कुठल्या फोल्डरची परवानगीच नाही, हे करताना उघड होतं. पासवर्ड चॅटवर देऊ नका, परवानगी त्याच्या स्वतःच्या खात्याला मिळवून द्या. परत आल्यावर पहिला तास फक्त वाचा, सगळ्यात नव्या मेसेजपासून मागे. अर्धे प्रश्न तुमच्याशिवाय सुटलेले असतात, त्यांना उत्तरं देऊन ते पुन्हा उकरू नका. उरलेल्यांत ज्याचं काम सगळ्यात जास्त दिवस अडलंय, त्याला पहिलं उत्तर द्या.